सहदेव घाडीगावकरची सर्वसाधारण चाल

माणूस दोन पायांवर चालतो, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असली तरी शासनाची मान्यता मिळेपर्यंत तिला काही अर्थ नव्हता. ती मान्यता मिळायला १९८३ साल उजाडलं. तोवर मुंबईच्या उपनगरांतले लाखो लोक कुठलंही प्रमाण डोळ्यांसमोर न ठेवता, आपापल्या जबाबदारीवर चालत होते. त्यांतले पुष्कळसे घरीही पोचत, पण त्याला योगायोगापलीकडे काही म्हणता येत नव्हतं.

सहदेव घाडीगावकर हा असाच एक बेजबाबदार चालणारा. मूळचा मालवणकडचा, आधी परळच्या गिरणीत आणि संपात गिरणी सुटल्यावर साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात. तिथे पॉवर प्रेसवर डब्यांची झाकणं निघत. काम तसं सोपं. पत्रा सरकवायचा, उजव्या पायाने पायडल दाबायचं, झाकण काढून घ्यायचं. उजवा पाय दिवसभर पायडलवर, म्हणजे अख्खा माणूस दिवसभर डाव्या पायावर उभा. एकदा दिवाळीआधीच्या घाईत झाकणं कापणारी लोखंडी डाय घसरली आणि नेमकी त्याच डाव्या घोट्यावर आली. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. (जुळवणाऱ्याचं म्हणणं, हाडाने सहकार्य केलं नाही.) तेव्हापासून सहदेवचा डावा पाय जमिनीला नुसता शिवायचा आणि लगेच वर यायचा, अंग डावीकडे झुकायचं, आणि संध्याकाळपर्यंत घोटा असा सुजायचा की चप्पल हातात घेऊन घरी यावं लागे.

वर्कशॉपच्या गेटवर एक स्टूल होतं. त्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या टेम्पोंवर नजर ठेवायची, एवढंच काम, आणि पगार तोच. आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष साजरं झाल्यानंतर मालकाला कसलीशी सवलत मिळाली होती, आणि सवलतीची अट अशी की त्या स्टुलावर दाखलेवाला अपंगच बसला पाहिजे. मालक तसा वाईट माणूस नव्हता. "सहदेव, दाखला आण, स्टूल तुझं," तो म्हणाला. "मला काय, कुणीतरी अपंग बसल्याशी मतलब." सहदेव येता-जाता त्या स्टुलाकडे बघू लागला. लग्नाआधी रुक्मिणीकडेसुद्धा त्याने इतक्या आशेने पाहिलं नसेल.

दाखल्याचं काय, गेलं, पाय दाखवला, की झालं, असं त्याला वाटत होतं. भाबडा माणूस! पूर्वी तसंच चाले, हे खरं. डॉक्टर लंगड्याला लंगडताना बघत आणि लंगडा आहे असं लिहून देत. पण ही पद्धत किती ढोबळ! माणूस किती लंगडतो हे ठरवायचं, तर न लंगडणारा माणूस नक्की कसा चालतो हे आधी कुणीतरी ठरवायला नको का? ही अनागोंदी थांबवण्यासाठीच मुलुंडला 'मानवी पदगती मापन व प्रमाणीकरण केंद्र' उघडलं होतं. यापुढे केंद्राच्या सर्वसाधारण चालीपेक्षा ज्याची चाल पंचवीस टक्क्यांहून जास्त वेगळी, तोच अपंग.

केंद्राचे संचालक डॉ. चंद्रप्रकाश सामंत पार्ल्याचे. चालण्याचं शास्त्र शिकायला ते परदेशी दोन वर्षं राहून आले होते आणि तिथे सगळीकडे मोटारीने फिरले होते. त्यांच्या सांगण्यानुसार चालणं म्हणजे पुढे पडायला लागणं आणि पडण्याआधी पाय टाकून वाचणं. एका पावलाच्या शंभर भागांतले साठ भाग पाय जमिनीवर असतो, चाळीस भाग अधांतरी. आधी टाच टेकते, मग तळवा, शेवटी चवडा जमिनीला मागे ढकलून मोकळा होतो. उजवा पाय पुढे जाताना डावा हात पुढे येतो, आणि कंबर अगदी थोडी वर-खाली होते. हे सगळं माणसाला वर्षाचा होता होता आपोआप येतं आणि त्याला अनुदान लागत नाही, ही या विषयातली मोठी उणीव आहे, असं डॉक्टर कळवळून सांगत.

हे आकडे मात्र परदेशी पुस्तकातले. केंद्राच्या समितीने ते एकमुखाने फेटाळले. परदेशी माणूस बूट घालून, रिकाम्या रस्त्यावर, विनाकारण चालतो, त्याचं माप आपल्या माणसाला कसं लागू होईल? आपली सरासरी आपणच काढायची, असं ठरलं. जागा निवडली घाटकोपर पश्चिमेची, स्टेशनकडून वस्तीकडे जाणाऱ्या रस्त्याची, कारण हजारो पाय तिथे फुकट मिळत. कॅमेरा ठेवला रसवंतीपाशी, कारण विजेचा प्लग फक्त रसवंतीवाल्याने वापरू दिलं. (त्याबद्दल अहवालात त्याचे आभार आहेत.) रसवंती दुपारनंतर उघडे, म्हणून सगळी मापं संध्याकाळची, घरी परतणाऱ्यांची.

आता त्या रसवंतीसमोर एक चर होता. कुणीतरी केबल टाकायला तो खणला होता, बुजवायच्या आत दुसऱ्या कुणीतरी पाइप टाकायला रुंद केला, आणि मग चर आता दुसऱ्याचा आहे असं समजून दोघेही आपापल्या घरी गेले. उरला फक्त फूटपाथचा दगडी काठ आणि त्याला लागून डावीकडे भुसभुशीत मातीचा ढिगारा. घरी जाणारा प्रत्येक माणूस उजवा पाय काठावर घट्ट रोवी, डावा पाय ढिगाऱ्यावर टेकल्यासारखा करी आणि माती सरकायच्या आत उचलून घेई. हात हलायचा प्रश्नच नव्हता. एका हाताने पिशवी छातीशी धरलेली, दुसरा दुकानांच्या फळ्यांना चाचपत. मान खाली.

केंद्राच्या लोकांना चर दिसला नाही असं कुणी समजू नये. दिसला, त्यावर चर्चाही झाली. पण चर हा रस्त्याचा भाग आणि रस्ता केंद्राच्या अखत्यारीत येत नाही. केंद्राला अधिकार होता तो फक्त माणसावर. सबब चर वगळून माणूस तेवढा मोजण्यात आला, आणि 'सर्वसाधारण उपनगरी चाल' कायम झाली ती अशी: उजवा पाय भक्कम पडतो. डावा नाममात्र टेकतो (शंभरातले जेमतेम एकवीस भाग). दर पावलाला अंग डावीकडे कलतं. हात हलत नाहीत. चालताना चेहऱ्यावर किंचित काळजी असते, पण ती मापनाच्या कक्षेबाहेर आहे.

सहदेव केंद्रात आला तो धुतलेला शर्ट घालून आणि मेव्हण्याला बरोबर घेऊन. मेव्हणा म्हणजे रुक्मिणीचा मोठा भाऊ धाकू, चाळिशीचा गडी, गावची भातगिरणी बंद पडली म्हणून काम बघायला चार दिवसांपूर्वीच मुंबईत उतरलेला. सहदेवला अर्ध्या विजारीवर उभं केलं. सुनंदाबाई नावाच्या मदतनीस होत्या, त्यांनी त्याच्या कमरेला, गुडघ्याला, घोट्याला पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या. परक्या बाईसमोर अर्ध्या विजारीवर, म्हणून सहदेवला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण स्टूल आठवून त्याने दात आवळले. समोर लांबलचक गुळगुळीत लाकडी पट्टा. त्यावरून तो चालला. उजवा पाय भक्कम, डावा शिवला की वर, अंग कललेलं, आणि तोल जाऊ नये म्हणून दोन्ही हात अंगाशी.

डॉ. सामंत खुर्चीतून उठलेच. "पुन्हा चाला," म्हणाले. सहदेव पुन्हा चालला. डॉक्टरांनी शेजारच्या खोलीतल्या दोघांना हाक मारली. तेही बघत राहिले.

"बाई, आकडा?"

"दोन टक्के, सर," सुनंदाबाई म्हणाल्या.

"दोन! घाडीगावकर, अभिनंदन! अहो, इतका नॉर्मल माणूस आम्हाला आजपर्यंत मिळाला नव्हता. सरासरी म्हणजे आम्ही कागदावर काढलेली गोष्ट, ती साक्षात चालताना दिसेल असं वाटलं नव्हतं."

सहदेवला आधी कळलंच नाही. मग कळलं तसा तो घोटा चोळत पुढे आला. "साहेब, दुखतंय हो पण."

"दुखणं चालीत दिसत नाही."

"पण हा डावा पाय बघा ना. टेकतच नाय."

"कुणाचाच टेकत नाही," डॉक्टर समजुतीने म्हणाले.

सहदेवला ढसाढसा रडावंसं वाटलं, आणि त्याहून जास्त कुणाच्या तरी डोक्यात ती डाय घालावीशी वाटली. तो तिथेच, पट्ट्याच्या टोकाला, मटकन खाली बसला. ते बघून धाकू पलीकडून त्याच्या चपला घेऊन निघाला, सरळ पट्ट्यावरूनच. आधी टाच, मग तळवा. छाती पुढे, मान वर. एका हातात चपला, तरी दोन्ही हात मोकळे हलताहेत. गावात घाटीच्या चढावरून भाताची पोती वाहून वाहून चाल अशी झालेली की आठ पावलांत तो या टोकाला. कॅमेरा चालूच होता.

"अरे देवा," सुनंदाबाई म्हणाल्या. "सर, एक्केचाळीस."

डॉक्टरांनी धाकूला खुर्ची दिली. आवाज हलका करून विचारलं, "हे असं कधीपासून होतंय?"

"काय ता?"

"हेच. चालताना दोन्ही हात हलतात."

"पैल्यापासून."

"घरात आणखी कुणाला?"

"बापूस असोच चाले. आजो पण."

"आनुवंशिक," डॉक्टर सुनंदाबाईंना म्हणाले. मग धाकूकडे वळून, "आणि चालताना तुम्ही खाली बघत नाही?"

"खाली काय आसा?" धाकूने विचारलं.

डॉक्टरांनी मान हलवली. परदेशातल्या दोन वर्षांत त्यांना अशी केस बघायला मिळाली नव्हती. त्यांनी तिथल्या तिथे दोन्ही दाखल्यांवर सही केली, सहदेवच्या नॉर्मल असल्याच्या आणि धाकूच्या अपंग असल्याच्या. केंद्र वेगवान कामासाठी प्रसिद्ध होतं, ते उगाच नव्हे.

घरी, घाटकोपरच्या भटवाडीत, रुक्मिणी साखर घालून दही तयार ठेवून बसली होती. दोन दाखले बघून तिचा तोल गेला. "तुमका नार्मल म्हणान लिवन दिल्यानी? आणि ह्या रेड्याक लंगडो? त्यांचे डोळे फुटले काय?" धाकू कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता. "भावोजीनू, स्टूल तुमीच घेवा," तो म्हणाला. "माका बसान ऱ्हवाक जमणा नाय." पण स्टूल हे काय पानसुपारी आहे, ह्याने त्याला द्यायला? दाखल्यावर नाव धाकूचं. मालकाने धाकूला स्टुलावर बसवलं, आणि दाखल्यावरून सहदेवची प्रकृती किती ठणठणीत आहे हे कळल्यामुळे त्याला जड पत्र्याच्या प्रेसवर टाकलं.

धाकू वाईट नव्हता हो. स्टुलावर बसून तो दिवसभर अवघडलेला असे, सहदेवकडे बघायचं टाळी आणि जेवणाच्या सुट्टीत आपल्या डब्यातला बांगडा त्याच्या डब्यात सरकवी. सहदेव तो बांगडा मुकाट्याने खाई. मेव्हण्याचा त्याला राग येई, राग आल्याची लाज वाटे, आणि घोट्यातली कळ मांडीपर्यंत चढू लागली होती. दुसऱ्या वर्कशॉपात उभं राहायची ताकद आता नव्हती, कुणी उभं करणारही नव्हतं. हा पाय गेला की नोकरी गेली, हे त्याला स्पष्ट दिसत होतं.

वाट काढली ती शेजारच्या प्रेसवरच्या कुंडलिक भालेरावने. कुंडलिक जालन्याकडचा, डोक्याने तल्लख, आणि वर्कशॉपातले सगळे अर्ज तोच लिहायचा. "अरे यार, सरळ आहे," तो म्हणाला. "तुला लंगडा ठरायचंय ना? मग नीट चालायला शिक."

"नीट चालता येत असतं तर लंगडा कशाला म्हणवून घेतलं असतं?"

"ते मला नको सांगू. त्यांना जाऊन सांग. फेरतपासणीचा अर्ज मी लिहितो, तू फक्त पंचवीसच्या वर वाकडा चाल. म्हणजे सरळ."

तर्क बिनतोड होता. दुसऱ्या दिवसापासून भटवाडीच्या मैदानात रोज सकाळी धाकू पुढे आणि सहदेव मागे, असे वर्ग सुरू झाले. टाच आधी, भावोजीनू. छाती काढा. हात सोडा, हात! वस्तीतले लोक दात घासत बघायला जमत. काहींना ते आवडलं नाही. चारचौघांत, बायाबापड्यांसमोर, असं छाती काढून हात हलवत चालणं बरं दिसत नाही, अशी कुजबुज झाली. सहदेवला त्याचं काही नव्हतं. अख्खा भार डाव्या टाचेवर पडला की त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत आणि तो "आई गं" म्हणून पुढचं पाऊल टाकी. रुक्मिणी रोज मिठाच्या गरम पाण्यात त्याचा पाय धरून बसे. "पुरे झाला," ती एकदा रडतच म्हणाली. "नको माका ता स्टूल. पाय ऱ्हवांदे तुमचो." पण सहदेव हट्टाला पेटला होता. आयुष्यात पहिल्यांदाच तो कसली तरी तयारी करत होता.

फेरतपासणीच्या दिवशी त्याने दुखण्याच्या दोन गोळ्या एकदम घेतल्या. पट्ट्या चिकटवल्या, कॅमेरा लागला, आणि सहदेव चालला. टाच टेकवली. मान वर ठेवली. हात हलवले. घाम कानशिलांवरून ओघळत होता, पण तो सरळ चालला, शेवटपर्यंत.

"अकरा," सुनंदाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजातसुद्धा कौतुक होतं.

हवे होते पंचवीस. शिवाय नियमाप्रमाणे आणखी दोन फेऱ्या घ्यायच्या होत्या. दुसऱ्या फेरीत घोटा दुमडला, आणि तिसरी सहदेवने आपल्या नेहमीच्या पायांनी कशीबशी पुरी केली, ती थेट शून्यावर आली. डॉक्टरांनी चष्मा काढला. ते रागावले नव्हते, दुखावले होते.

"घाडीगावकर," ते म्हणाले, "खऱ्या अपंगांच्या तोंडचा घास काढायला निघालात तुम्ही. तुमच्यासारख्या धडधाकट माणसाने धड चालण्याचं ढोंग करावं, हे शोभतं का?"

केंद्राने त्याला लेखी ताकीद दिली, तिची एक प्रत मालकाला गेली, आणि पुढची पाच वर्षं त्याचा अर्ज घेऊ नये असं ठरलं. रिक्षातून घरी येताना धाकू त्याचा पाय मांडीवर घेऊन बसला होता आणि रडत होता. सहदेव रडला नाही. "तू रे कित्याक रडतंस?" एवढंच म्हणाला.

पुढे काय झालं ते केंद्राच्या वार्षिक अहवालात सविस्तर आहे आणि अभिमानाने आहे. धाकूचा दाखला एका वर्षाचा होता. या वर्षात तो रोज संध्याकाळी घाटकोपर स्टेशनपाशी बसमधून उतरे आणि रसवंतीवरून, चराच्या काठाने भटवाडीत येई. (चर होता. आता लोक पत्ताच तसा सांगत, चराच्या पुढे दुसरी गल्ली.) सुरुवातीला तो दोनदा चरात पडला. मग पिशवी छातीशी आली. मग मान खाली गेली. वर्षअखेरीस केंद्रात तो लाकडी पट्ट्यावरून चालला तेव्हा त्याचा डावा पाय जमिनीला जरासा टेकून लगेच वर आला. सहा टक्के! कसलंही औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. आनुवंशिक विकारातून पूर्ण बरा झालेला केंद्राचा पहिला रुग्ण म्हणून त्याला नारळ देण्यात आला आणि डॉक्टरांबरोबर त्याचा फोटो निघाला. फोटोत डॉक्टर हसताहेत. धाकू खाली बघतोय.

बरा झाल्यामुळे अर्थातच त्याचं स्टूल गेलं. मालकाने त्याला सहदेवच्या शेजारच्या प्रेसवर उभं केलं. आता दोघे मेव्हणे-भावोजी दिवसभर बाजूबाजूला डाव्या पायावर उभे असतात, आणि मध्येच सहदेवला सहन होईनासं झालं की धाकू दोन्ही प्रेसचे पत्रे सरकवतो.

स्टूल रिकामं आहे. गेटवर, सहदेवच्या प्रेसपासून हाकेच्या अंतरावर. कुणी विनादाखला त्यावर टेकलं तर सवलत जाईल, म्हणून मालकाने ते सुतळीने गजाला बांधून ठेवलंय. जागा भरायची आहे, अट एकच, उमेदवाराला सरळ चालता आलं पाहिजे. केंद्राने मुलुंडपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंत शोध घेतला. अजून लायक माणूस मिळालेला नाही.

वाचकांपैकी कुणाला या जागेची आशा वाटत असेल तर त्यांनी मुलुंडची खेप घालू नये. ज्या संध्याकाळी रसवंतीपाशी कॅमेरा लावला होता, त्या संध्याकाळी तिथून तुम्हीच गेला होतात. पिशवी छातीशी धरून, मान खाली घालून, डावा पाय उचलून घेत. रोज जात होतात, आणि हा चर कुणाचा, असं एकदाही कुणाला विचारलं नाहीत. ती सगळी मापं केंद्रात जपून ठेवलेली आहेत आणि त्यांच्या अचूकपणाबद्दल शंका घ्यायला जागा नाही. सहदेवला त्या स्टुलावर बसता येत नाही, त्याला दुसरं काही कारण नाही. तो अगदी तुमच्यासारखा चालतो.